मोजणीचा गुरुवार

पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी 2001 साली कॉम्प्युटर सांभाळायला लागलो, तिथे माल मोजायचा तोही गुरुवारीच. मशीन बंद, टेम्पो बंद, गेटला कुलूप. स्टोअरकीपर काका रॅकवरचं बिन कार्ड वाचायचे, हेल्पर पेट्या मोजायचा, जुळलं की खडूची खूण. आकडा चोख यायचा, कारण तेवढ्या वेळात काही हलतच नसे.

मग पेट्या कॉम्प्युटरवर आल्या. एका पेटीची एक नोंद. माल गाडीत चढला की ती टेबलातून काढायची. तेव्हाच्या मायएसक्यूएल या डेटाबेसमधला मायआयसॅम हा टेबलाचा प्रकार नोंदींची एकूण संख्या स्वतःच लिहून ठेवायचा. विचारलं की क्षणात उत्तर. मात्र एकाने नोंद बदलायला घेतली की अख्खं टेबल अडायचं. दोन कॉम्प्युटरच्या कारभारात ते खपून गेलं.

बजाज 1999 मध्येच चाकणला पोचली होती. 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना तिथे सुरू झाला, मर्सिडीजही पिंपरीहून तिकडे गेली. पार्ट पुरवणारे मागोमाग निघाले, त्यात आम्हीही. तीन शिफ्ट, हाताहातात स्कॅनर आणि नवीन डेटाबेस, पोस्टग्रेस. इथे वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही. प्रत्येकाला आपापल्या क्षणाचं चित्र दिसतं; दुसऱ्याचं अर्धवट चलन दिसत नाही. म्हणजे एकाच वेळी दोघांना दोन वेगळे आकडे येतात, आणि दोन्ही बरोबर असतात. मग टेबलाने कुठला एक आकडा लिहून ठेवायचा? ‘एकूण किती’ विचारलं की ते सगळ्या नोंदी तपासायला बसे. डिस्पॅचच्या स्क्रीनवर दर दहा सेकंदांनी हाच प्रश्न. सर्व्हरला धाप लागली.

मी शहाणपणा केला. एकूण संख्येची वेगळी ओळ ठेवली आणि पेटी आली-गेली की आपोआप चालणाऱ्या ट्रिगरने ती बदलायची. एकट्याने तपासलं तेव्हा झकास चाललं. दुसऱ्या शिफ्टला सगळे स्कॅनर त्या एका ओळीपाशी अडकले. एकाचं चलन पूर्ण होईपर्यंत बाकीचे उभे, संध्याकाळी तळेगाव चौकात कंटेनर उभे असतात तसे.

उपाय साधा निघाला. बेरीज बदलायचीच नाही. ‘अधिक एक’, ‘उणे एक’ अशी नवी ओळ लिहायची. नवी ओळ लिहिताना कुणी कुणाची वाट अडवत नाही. विचारलं की या ओळींची बेरीज, आणि रात्री सगळ्या मिळून एकच शिल्लक. काकांना दाखवलं तर म्हणाले, “हे आपलं बिन कार्डच की!” आवक, जावक, मागील शिल्लक. खरंच होतं ते.

2012 मध्ये पोस्टग्रेस 9.2 आलं आणि नुसत्या इंडेक्सवरून मोजणी होऊ लागली. पण सतत बदलणाऱ्या टेबलात मूळ पानं उघडून बघावी लागतातच, म्हणून आम्हाला फायदा थोडाच झाला. स्क्रीनवर शेवटी डेटाबेसने स्वतःपुरता ठेवलेला अंदाज लावला. अ‍ॅनालाइझ ही आज्ञा चालली की तो ताजा होतो. कुणीही तक्रार केली नाही.

चोख आकडा बिलाला आणि ऑडिटरला लागतो. बाकीच्यांना ‘साधारण किती’ एवढं पुरतं. म्हणून आता कुणी एकूण संख्या मागितली की आधी विचारतो, कशाला हवी? अर्धं काम तिथेच वाचतं.