विश्लेषण : तलाव सरकारी, पण दुरुस्तीला जायची वाट कुणाची?

मार्च उजाडला की नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतले लहान तलाव तळ दाखवू लागतात. गाळ काढणे, बांधावरची झुडपे तोडणे, सांडवा नीट करणे या कामांसाठी हातात जेमतेम तीन महिने असतात. पाऊस लागला की काळ्या मातीत ट्रॅक्टरसुद्धा रुततो, मग पोकलेनचे काय? पण काम मंजूर असले, तरी ते कधी कधी शेवटच्या फर्लांगभर अंतरावर अडते. यंत्र तलावापर्यंत न्यायचे कुठून?

सरकारी जमीन नेमकी किती?

पाणी साठते तेवढीच जागा सरकारची, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात धरणाच्या जमिनीत भिंतीचा पायथा, सांडवा, सांडव्याचे पाणी ओढ्याला नेणारी चर आणि कालव्याकडेचा तपासणी रस्ताही येतो. हद्दीचे दगड एकदा हलले की दरवर्षी नांगराचे एक-दोन तास पुढे सरकत शेत थेट भिंतीला भिडते. तपासणीला मोकळी लागते ती नेमकी हीच पट्टी. मातीच्या भिंतीतून थोडे पाणी पाझरणारच. ते नितळ असेल तर फारशी चिंता नसते, पण गढूळ येऊ लागले तर आतली माती वाहून चालली आहे असे समजायचे. पायथ्याला ऊस उभा असेल तर हा फरक कुणाला दिसणार? बांधावर माजलेल्या बाभळीची मुळे कुजून पाण्याला आयती वाट मिळते, ती वेगळीच.

याला दुसरी बाजूही आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीतून मराठवाड्यात पाझर तलाव झाले. त्यांतल्या काही ठिकाणी तलाव उभा राहिला, पण मोबदला अडकला किंवा फेरफारच झाला नाही. सातबाऱ्यावर आजही शेतकऱ्याचे नाव आहे. अशा शेतकऱ्याने जेसीबी अडवला तर त्याला अतिक्रमणदार ठरवणे अन्यायाचे होईल. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन मात्र निराळी. ती हंगामापुरती भाड्याने मिळते, तीत प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असते. मालकी सरकारचीच राहते.

दाद कुणाकडे मागायची?

१०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे, १०१ ते ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्यापुढचे जलसंपदा विभागाकडे. लातूरचे तावरजा, तिरू, मसलगा किंवा नांदेडचे मानार, करडखेड हे प्रकल्प या शेवटच्या गटातले. अतिक्रमणाचा विषय महसूलचा, मोजणी भूमी अभिलेखची. मांजरा धरण तर बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या धनेगावला. त्याच्या पाण्यावर लातूर शहराची भिस्त. कंधारचा जगत्तुंग सागर राष्ट्रकूटांच्या काळातला, त्याचा मूळ नकाशा कुणी मागणार नाही. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या पाझर तलावाचा नकाशा दप्तरात सापडत नसेल तर नवल वाटायला हवे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ मधल्या कालव्याच्या व्याख्येत जलाशयही येतो. अपघात झाला किंवा होण्याची भीती असली, तर अधिकाऱ्यांना लगतच्या खासगी जमिनीत शिरून दुरुस्ती करता येते. नुकसान झाल्यास भरपाई द्यावी लागते. म्हणजे भिंत फुटायला आली की वाट मिळते. ती फुटू नये म्हणून मार्चमध्ये करायच्या साध्या कामाला मात्र समजुतीनेच रस्ता काढावा लागतो.

सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ५० नुसार जिल्हाधिकाऱ्यांना काढता येते. गावाच्या सार्वजनिक जमिनी मोकळ्या करा, असे सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात जानेवारी २०११ मध्ये बजावले. त्याच वर्षी १२ जुलैला राज्यानेही शासन निर्णय काढला. पण हद्द मोजलेलीच नसेल तर अतिक्रमण सिद्ध कसे करणार?

केंद्राच्या २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. तो लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना. गावोगावचे बहुतेक छोटे तलाव त्याबाहेरच राहतात. दुर्लक्षाची किंमत काय असते, हे चिपळूण तालुक्यातल्या तिवऱ्यात २ जुलै २०१९ च्या रात्री दिसले. धरण फुटून २० हून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

गाळाने वाट उघडते ती कशी?

११ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. त्याच उन्हाळ्यात लोकवर्गणीतून मांजरा नदीचे सुमारे १८ किलोमीटर पात्र खोल आणि रुंद करण्यात आले. निघालेला गाळ शेतकऱ्यांनी नेला. सरकारी पत्राला न उघडणारी वाट गाळाला उघडते, कारण तो शेताच्या कामाचा असतो.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली. तीत अल्प व अत्यल्प भूधारकांना गाळ वाहून पसरण्यासाठी घनमीटरला ३५.७५ रुपये, एकरी १५ हजारांपर्यंत आणि अडीच एकरांच्या मर्यादेत अनुदान आहे. ज्याच्या शेतातून टिप्पर जातात त्यालाच आधी गाळ, एवढे गावाने ठरवले तरी निम्मी भांडणे मिटतात. भरलेल्या टिप्परांनी दाबून टणक झालेली पट्टी काम संपल्यावर नांगरून द्यावी, हेही आधीच ठरलेले बरे.

कायमचा रस्ता हवा असेल तर मात्र मोजणीला पर्याय नाही. तलावाखाली गेलेल्या गटांचा सातबारा कुणालाही ऑनलाइन पाहता येतो. हद्द मोजून मागण्याचा अर्ज तलाव ज्या यंत्रणेच्या ताब्यात आहे तिने करायचा असतो, आणि तोही पिके निघाल्यावर, पेरणीआधी. सोयाबीन उगवून आले की मोजणीवाल्यांना शेतात पाय ठेवू द्यायला कुणी तयार नसते.