तीन तासांचा समुद्र

आगमनकाळातील एका संध्याकाळी मिस्सा आटोपून आम्ही प्रार्थनामंदिराच्या पायरीवर उभे असता आमच्या पॅरिशमधील तरुण मंडळी भोवती जमली. "फादर, तिसरा भाग येतोय. जायचे ना?" 'अवतार' ह्या अमेरिकन चित्रपटमालिकेचा तिसरा भाग 19 डिसेंबर 2025 रोजी प्रदर्शित व्हावयाचा होता. आम्ही लगेच होकार दिला नाही. त्याचे कारण तीन वर्षांपूर्वीचे आहे. ते सांगताना आमच्याच पदरी थोडा कमीपणा येतो, तरी सांगतो.

दुसरा भाग आला तो 16 डिसेंबर 2022 रोजी. पहिला 2009 चा. मध्ये तेरा वर्षे गेलेली, त्यामुळे बोलबाला असा की जणू पृथ्वीवर दुसरे काही घडावयाचे उरलेच नव्हते. दिग्दर्शक जेम्स कॅमरून ह्यांनी नटनटींना पाण्याच्या प्रचंड टाकीत बुडवून अभिनय करवून घेतला, केट विन्स्लेट ह्या नटीने सात मिनिटांहून अधिक काळ श्वास रोखून धरला, हे आमच्या गायकवृंदातील मुलांना तोंडपाठ होते. प्रश्नोत्तरी तितकी पाठ असती तर! आम्हीही त्या लाटेत वाहिलो. नाताळच्या गीतांचा सराव मनापासून केल्याबद्दल मुलांना बेळगावास नेऊन तो चित्रपट दाखवू, प्रत्येकाने चारशे रुपये आणावेत, असे आम्ही रविवारच्या मिस्सानंतर वेदीजवळूनच जाहीर केले. जाहिरातदारांना फुकटचा प्रचारक मिळाला.

पंधरा मुले यावयाची होती, चौदा आली. एकाला ताप आहे, असा निरोप होता.

तिकीट दोनशे ऐंशी रुपयांचे, काळ्या चष्म्याचे तीस निराळे. घरून बांधून आणलेले पोळीभाजीचे डबे दारावरच ठेवून घेतले गेले. बाहेरचे खाद्य आत नेऊ न देण्याचा अधिकार चित्रपटगृहाच्या मालकास आहे, असे पुढे जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले. तेव्हा त्याविषयी आमची तक्रार नाही. मात्र मध्यंतरात मक्याच्या लाह्यांचा दर पाहून मुलांनी पाणीच प्यायले, हे आम्ही विसरलेलो नाही.

चित्रपट तीन तास बारा मिनिटांचा. पहिला अर्धा तास आम्हीही थक्क झालो, हे मान्य केले पाहिजे. पाणी इतके खरे की पुढच्या रांगेतील एका मुलीने मासा धरण्यास हात पुढे केला. ह्या करामतीबद्दल चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळाले, ते योग्यच झाले. परंतु करामत संपली की उरते ती गोष्ट. आणि गोष्ट शोधता शोधता आमची मान दुखू लागली. एक बाप शत्रूच्या भयाने बायकामुलांना घेऊन रानातून समुद्रकाठच्या लोकांच्या आश्रयास जातो, शत्रू मागोमाग येतो, मोठे युद्ध होते. पहिल्या भागात मेलेला सेनानीच त्याच्या स्मृती नव्या निळ्या देहात भरून परत आणलेला. म्हणजे नवा वैरी शोधण्याचे कष्टही घेतलेले नाहीत. पुनरुत्थानाचा असा स्वस्त उपयोग आम्हांस रुचला नाही. थोरला मुलगा मरतो तेव्हा आईच्या आक्रोशाने सारे सभागृह स्तब्ध झाले. पण तिला धड रडूही न देता पुन्हा आगी आणि स्फोट सुरू. परतीच्या बसमध्ये अर्धी मुले झोपली. एक जण म्हणाला, "फादर, जुन्या गोव्याच्या फेस्ताला गेलो होतो तेव्हाचा मिरामारचा समुद्रच बरा होता." ते फेस्त होऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते, आणि त्या समुद्राला तिकीट नव्हते.

पुढल्या रविवारी आम्ही तापकरी मुलाची चौकशी केली. त्याची आई ऊसतोडीवर जाते. त्या वेळी तिला दिवसाचे तीनशे रुपये मिळत. ती खाली पाहून म्हणाली, "ताप कसला फादर, पैसे नव्हते. मिस्सात सगळ्यांसमोर सांगितलंत, मग नाही कसं म्हणायचं?" आम्हांस उत्तर सुचले नाही. एका माउलीला पोराच्या अंगी खोटा ताप आणावा लागला, तो आमच्या वेदीवरील घोषणेमुळे.

सप्टेंबर 2025 मध्ये कर्नाटक सरकारने कर वगळून तिकिटास दोनशे रुपयांची कमाल मर्यादा घातली. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तीस अंतरिम स्थगिती दिली. तो वाद न्यायालयात मिटेल तेव्हा मिटो.

तिसऱ्या भागाला ज्यांना जावयाचे ते आपापले गेले. आम्ही कोणास अडविले नाही. परंतु 21 डिसेंबरच्या रविवारी आम्ही सभागृहात पांढरी चादर टांगून 1948 चा 'बायसिकल थीव्ज' हा इटालियन चित्रपट दाखविला. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त 1995 मध्ये व्हॅटिकनने निवडलेल्या पंचेचाळीस चित्रपटांत तो आहे. दिग्दर्शक व्हित्तोरिओ द सिका. दीड तासाचा, काळापांढरा. भिंतीवर पोस्टरे चिकटविण्याची नोकरी मिळते, पण तीस सायकल हवी, आणि सायकल गहाण पडलेली. घरची स्त्री बिछान्यावरच्या चादरी काढून धुते, गहाणवटीच्या दुकानात नेते आणि सायकल सोडविते. पहिल्याच दिवशी सायकल चोरीस जाते. मग बाप व लहानगा मुलगा रोमभर ती शोधीत हिंडतात.

आम्ही शेजारी उभे राहून संवाद मराठीत सांगत होतो. चादरींचा प्रसंग आला तेव्हा बायकांच्या बाजूने "राहू दे फादर, कळलं," असा आवाज आला. शेवटी बाप स्वतःच दुसऱ्याची सायकल चोरताना पकडला जातो, आणि मुलगा ते पाहतो. मालक त्याला सोडून देतो. दोघे हातात हात घालून गर्दीत चालू लागतात. दिवे लावल्यावर थोडा वेळ कोणी उठले नाही.

तो तापकरी मुलगा आता चांगला उंच झाला आहे. त्या रात्री खुर्च्या त्यानेच उचलल्या. त्याची आई दाराशी थांबली होती.

"फादर," तिने विचारले, "तिला तिच्या चादरी परत मिळाल्या काय?"

आम्ही सारा चित्रपट मनाशी पुन्हा आठवून पाहिला. त्याविषयी त्यात काही सांगितलेले नाही.