सामाईक भिंत आणि वाढीव बांधकाम

पुणे, सातारा, नाशिक यांसारख्या शहरांच्या जुन्या पेठांत दोन घरांमध्ये एकच भिंत असणे ही नित्याची बाब आहे. घरावर मजला चढवायचे ठरले की नकाशा, परवानगी व कर्ज यांचा विचार प्रथम होतो. भिंत कोणाची, हा प्रश्न मात्र बहुधा तुळई टेकवण्याच्या दिवशीच निघतो.

इंग्लंड व वेल्समध्ये यासाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा आहे. सामाईक भिंतीच्या कामापूर्वी दोन महिने आधी शेजाऱ्यास लेखी सूचना द्यावी लागते. चौदा दिवसांत संमती न आल्यास मतभेद आहे असे मानून सर्वेक्षक नेमले जातात व काम कसे करावे याचा निवाडा ते देतात. भारतात असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. येथे मुख्य आधार आहे तो भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चा. मद्रास, मध्य प्रांत व कूर्ग यांसाठी झालेला हा कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्यास लागू झाला.

‘सामाईक’ हा शब्द फसवा आहे. भिंत दोघांच्या अविभक्त मालकीची असू शकते. मध्यरेषेपासून अर्धी-अर्धी असू शकते. किंवा संपूर्ण एकाची असून दुसऱ्यास केवळ आधार घेण्याचा हक्क असू शकतो. खरेदीखतातील चतुःसीमा व मोजणी नकाशा यांवरून हे पडताळावे. नगरपालिकेची बांधकाम परवानगी मालकीचा निर्णय करीत नाही.

आधाराच्या हक्काचीही मर्यादा आहे. शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार जमिनीला तिच्या मूळ स्थितीत मिळतो. तीवर उभ्या इमारतीच्या भाराला तो आपोआप मिळत नाही. शांततेने, हक्क म्हणून व अखंड वीस वर्षे आधार घेतला गेला असेल, तर अधिनियमाच्या कलम १५ नुसार तो हक्क प्राप्त होतो. परंतु एका मजल्याचा भार वीस वर्षे सोसणाऱ्या भिंतीवर दुसरा मजला चढवण्याचा हक्क त्यातून निघतो, असे गृहीत धरणे धोक्याचे ठरेल.

“काका, तुळई टेकवू का?” “टेकव की!” एवढ्यावर पेठांतील कित्येक मजले उभे राहिले आहेत. कायद्याच्या दृष्टीने ही बहुधा केवळ अनुज्ञप्ती, म्हणजे व्यक्तिगत परवानगी होय. तिच्या भरवशावर खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले असल्यास परवानगी देणाऱ्यास ती मागे घेता येत नाही (कलम ६०). तथापि काकांनी घर विकल्यास नव्या खरेदीदारावर ती केवळ खरेदीदार म्हणून बंधनकारक ठरत नाही (कलम ५९). घर विकताना किंवा तारण ठेवताना ही उणीव उघडी पडते.

म्हणून लेखी करार हवा. भिंतीची मालकी, भार किती व कोठे टेकणार, खर्चाची व डागडुजीची वाटणी, नुकसानभरपाई आणि उत्तराधिकाऱ्यांवरील बंधन हे त्यात स्पष्ट असावे. स्थावर मिळकतीतील शंभर रुपये वा अधिक मूल्याचा हक्क निर्माण करणारा लेख नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार नोंदवावा लागतो. नुसत्या नोटरीने भागत नाही. कामापूर्वी दोन्ही घरांतील जुन्या भेगांची छायाचित्रे काढून उभयतांच्या सह्या घेतल्यास पुढे भेग कोणामुळे पडली हा वाद बराच कमी होतो. माती-विटांच्या जुन्या भिंतीबाबत संरचना अभियंत्याचा अहवाल घ्यावा, मग शेजारी कितीही समजूतदार असोत.

शेजाऱ्याचे घर गहाण असेल तर आणखी एक सही लागू शकते. ज्या सुविधाधिकारामुळे तारण अपुरे ठरेल, असा हक्क गहाणदारास धनकोच्या संमतीविना साधारणतः देता येत नाही (कलम १०). स्वतःचे घर तारण असल्यास बदलापूर्वी बँकेची लेखी संमती घेण्याची अट कर्जकरारात बहुधा असतेच. मजल्यासाठी वाढीव कर्ज मागताना भिंतीचा नोंदणीकृत करार अर्जासोबत जोडल्यास बँकेच्या वकिलांना हक्कशोधाच्या वेळीच तो तपासता येतो.