सरांच्या फियाटचे इंजिन

टेम्पोतून सरांच्या गाडीचे इंजिन उतरले, ते एकसंध नव्हते. ब्लॉक तेवढा साखरेच्या रिकाम्या पोत्यावर ठेवलेला, क्रँक जुन्या सतरंजीत गुंडाळलेला आणि बाकीचा ऐवज बिस्किटांच्या तीन पत्र्याच्या डब्यांत भरलेला. एका गॅरेजवाल्याने 'महिनाभरात बांधून देतो' म्हणून ते खोलले, आगाऊ रक्कम घेतली आणि चौदा महिने तसेच ठेवले. शेवटी सरांच्या सौभाग्यवतींनीच स्वतः जाऊन ते परत आणले. सर ओसरीवरच्या खुर्चीत बसून डब्यांकडे पाहत होते. उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून ठेवलेला होता.

सरांना पार्किन्सनचा विकार जडून चार वर्षे झाली आहेत. त्यापूर्वी कोल्हापुरातील जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत कोणाचीही गाडी अडली की पहिला निरोप त्यांना जाई. पदवीपूर्व वर्गांना भौतिकशास्त्र शिकवणारा हा माणूस कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवून, डोळे मिटून ऐके आणि 'आता बरोबर' असे म्हणे. माझ्या वडिलांची जुनी जीप त्यांनी अशीच दोनदा मार्गावर आणली होती. मी त्यांचा विद्यार्थी. यंत्रातले मला फारसे कळत नाही, पण पुढे जे काम झाले त्यात वही सांभाळण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार घेतो.

गाडी १९५७ सालची फियाट ११००. तिच्या गोल पाठीमुळे आणि पुढे आलेल्या नाकामुळे आपल्याकडे तिला 'डुक्कर फियाट' असे अगदी प्रेमाचे नाव पडले. पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे पाठीमागच्या बाजूला बिजागऱ्या असलेले. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला. सरांचे वडील गुळाचे अडते होते. त्यांनी ही गाडी घेतली तेव्हा सर शाळेत जाऊ लागले होते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण आपल्या वाचकांना या गाडीविषयी आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. ही फियाट मुंबईत कुर्ल्याच्या ज्या कारखान्यातून बाहेर पडली, तो प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांच्या जिद्दीचे फळ. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वस्तू या देशात बनाव्यात, हा त्यांचा ध्यास. प्रीमियरची स्थापना १९४४ मध्ये झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून अमेरिकन बनावटीच्या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. शेठजी ८ एप्रिल १९५३ रोजी निवर्तले. फियाट ११०० त्यानंतरच्या वर्षी आली, ती त्यांना पाहायला मिळाली नाही. पुढे हिच्याच घराण्यातली गाडी १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घराघरात पोहोचली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली.

इंजिनाची वंशावळ त्याहून जुनी. १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे हे इंजिन इटलीत दांते जाकोझा यांच्या १९३७ सालच्या गाडीत प्रथम आले. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड, क्रँकला आधार देणारी तीनच मेन बेअरिंगे. एवढ्या माफक मांडणीचे यंत्र थोड्याफार फरकांनी साठ वर्षांहून अधिक काळ बनत राहिले.

डबे उघडण्यापूर्वीच आमच्यात वाद झाला. साखर कारखान्यात अभियंता असलेल्या एका मित्राचे मत असे की, एखाद्या अलीकडच्या गाडीचे चालते इंजिन आणावे, दोन ब्रॅकेट जोडावेत, आठ दिवसांत गाडी रस्त्यावर. त्याचा हेतू चांगला होता. सरांचे वय आणि प्रकृती पाहता वेळेला महत्त्व होते, हे आम्ही सारेच जाणून होतो. परंतु २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी 'विंटेज' नोंदणीचे जे नियम केले, त्यांत गाडीचे मूळ स्वरूप कायम असण्याची अट आहे. सांगाडा, बांधणी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. सरांना ती 'व्ही ए' मालिकेतली पाटी हवी होती. शिवाय ते हळूच म्हणाले, "दुसरे इंजिन घातले तर गाडी चालेल रे. पण मला तिच्यातले काही ऐकू येणार नाही." त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही.

एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक मिस्त्री आमच्यात होते. वयाने सर्वांत मोठे, त्यांना सारे मामा म्हणत. त्यांनी अंगणात पांढरे धोतर पसरले आणि डब्यांतला एकेक भाग केरोसीनमध्ये धुऊन त्यावर मांडायला सुरुवात केली. मी वहीत नोंद करीत होतो. पुशरॉड आठ, बरोबर. व्हॉल्व्ह आठ, पैकी दोन जळालेले. पिस्टन चार, रिंगा गंजून खाचेतच बसलेल्या. तिसरा डबा रिकामा झाला आणि मामा थांबले. मधल्या मेन बेअरिंगची टोपी नव्हती.

ज्यांना यंत्राची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रँक ज्या गोल बैठकींत फिरतो, त्यांचा वरचा अर्धा भाग ब्लॉकमध्ये असतो आणि खालचा अर्धा म्हणजे ही टोपी. कारखान्यात तिन्ही टोप्या ब्लॉकला कसून मगच एका ओळीत, एकाच कापात त्या बैठकी कोरल्या जातात. त्यामुळे ज्या टोपीचा जन्म ज्या ब्लॉकबरोबर झाला, ती त्याच ब्लॉकची, त्याच जागेची आणि त्याच बाजूने बसणारी. दुकानात अशी टोपी मिळत नाही, आणि दुसऱ्या इंजिनाची आणून बसवली तर क्रँक हाताने फिरणारसुद्धा नाही. त्या गॅरेजात दोन फेऱ्या मारल्या. उत्तर एकच मिळाले, 'जे होते ते दिले.'

शेवटी आमच्यातला एक जण मुंबईला गेला आणि कुर्ल्याच्या भंगारबाजारात एका फुटलेल्या ११०० च्या ब्लॉकवरची टोपी सोडवून घेऊन आला. जेथे गाडी बनली, तेथूनच तिचा हा तुकडा परत यावा, याची मला गंमत वाटली. मामांना वाटली नाही. ते मायक्रोमीटर लावून म्हणाले, "ही उंचीला कमी हाय. लाइन बोअरिंगशिवाय गत नाही."

कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगर आहे, हे आमचे भाग्य. ऊसमळ्यांना पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांच्या ओतकामापासून जुळणीपर्यंतची कामे करणारी माणसे तेथे पिढ्यान्पिढ्या आहेत. एका छोट्या कारखानदाराने सुट्टीच्या दिवशी यंत्र आमच्यासाठी मोकळे ठेवले. तिन्ही टोप्यांच्या बसत्या कडा थोड्या तासून घेतल्या, त्या ब्लॉकला कसल्या आणि एकच लांब दांडा तिन्ही बैठकींतून फिरवून नवा गोल साधला. सकाळी नऊला सुरू झालेले काम दुपारी तीनला संपले. त्यातला प्रत्यक्ष कापाचा वेळ पाऊण तासही नसेल. बाकी सारा वेळ ब्लॉक सरळ बसवण्यात आणि पुन्हा पुन्हा मोजण्यात गेला. कारखानदाराने मजुरी घेतली नाही. त्याच्या वडिलांची मोटारसायकल सरांनी एकदा भर पावसात रस्त्यावर सुरू करून दिली होती, एवढेच तो म्हणाला.

सिलिंडरही झिजून वरच्या बाजूला लंबगोल झाले होते. अर्धा मिलिमीटर वाढवून बोअर करायचे ठरले. मी सरांना ते सांगायला गेलो, तेव्हा त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "साडेअडुसष्ट. म्हणजे अकराशे सहा घन सेंटिमीटर होतील." घरी येऊन मी हिशेब केला. बरोबर होता.

आता एक चूक सांगितली पाहिजे, आणि ती आमची होती. सर तपासणीसाठी तीन दिवस रुग्णालयात होते, त्या काळात आम्ही उत्साहाने बरेच काम उरकले. व्हॉल्व्ह घासून बसवले, हेडचा पृष्ठभाग सपाट करून घेतला, क्रँक ग्राइंड होऊन आला तो नव्या बेअरिंगांवर बसवला. सर परतल्यावर त्यांना आनंद होईल, अशी आमची कल्पना. त्यांनी सारे पाहिले, 'छान झाले' म्हटले आणि आत गेले. त्या दिवशी ते पुन्हा बाहेर आले नाहीत. काकूंनी चहा दिला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही मदत करता आहात, ते खरे. पण त्यांच्या गाडीजवळ त्यांना आता पाहुण्यासारखे वाटते."

त्या वाक्यानंतर आमची कामाची रीत बदलली. सरांची खुर्ची ओसरीवरून अंगणात, थेट टेबलाशेजारी आली. मोजमापे मामांनी घ्यायची, पण 'चालेल की नाही' हे सरांनी ठरवायचे. हेडचे नट कसताना क्रम सरांनी सांगायचा. मधल्या नटापासून सुरुवात, मग आळीपाळीने बाहेरच्या बाजूला, आणि एकदम पूर्ण जोर न लावता तीन टप्प्यांत, म्हणजे ॲल्युमिनियमचे हेड वाकत नाही. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली आमच्यातली एक मुलगी टॉर्क पाना धरी आणि सर प्रत्येक नटामागचे कारण तिला समजावून सांगत. सर सूर्यास्तापूर्वी जेवतात, म्हणून साडेपाचला काम थांबे. एकदा मात्र काकूंना ताट अंगणात आणावे लागले.

एके दिवशी सरांनी कॉन्टॅक्ट पॉइंटमधले अंतर मोजायला फीलर गेज स्वतः हातात घेतली. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फट, आणि थरथरणारा हात. पात्याचे टोक तीनदा बाजूला गेले. आम्ही सारे कुठे ना कुठे पाहू लागलो. मामा मात्र सरळ त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "सर, हात थरथरतोय म्हणून काय झालं? कान तर शाबूत हाय की. हे माझ्याकडं द्या. टायमिंग तुमच्याकडं." सरांनी पाते त्यांच्या हातात दिले.

इंजिन गाडीत चढले तो रविवार होता. प्लग काढून ठेवून आधी स्टार्टरने नुसते फिरवले. तेलाच्या दाबाची खात्री झाल्यावर प्लग बसवले, पेट्रोल सोडले आणि किल्ली फिरवली. इंजिन फिरले, एक खोकला आला आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून भप्पकन ज्वाळ बाहेर पडली. पुन्हा तेच. साखर कारखान्याच्या मित्राने मिश्रणाचा स्क्रू धरला, कोणी व्हॉल्व्ह चिकटल्याची शंका काढली. सरांनी डावा हात वर करून सर्वांना थांबवले.

"अर्ध्या फेऱ्याने चुकला आहे," ते म्हणाले. "डिस्ट्रिब्युटर."

मग खुर्चीत बसूनच त्यांनी वर्ग घेतला. एका पूर्ण चक्रात क्रँक दोन फेरे घेतो, कॅम एक. पहिला पिस्टन त्यात दोनदा माथ्यावर येतो, एकदा मिश्रण दाबून आणि एकदा धूर बाहेर टाकून. आपण खूण जुळवली ती दुसऱ्या वेळची. ठिणगी पडते आहे, पण नको त्या वेळी. चाळीस वर्षे फळ्याजवळ उभे राहून बोललेला तो आवाज अलीकडे आजाराने बारीक झाला आहे, तरी अंगणात शेवटपर्यंत ऐकू आला. डिस्ट्रिब्युटर बसवला होता मामांनी. ते कान पकडून हसले आणि त्यांनी तो अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला.

पुढच्या किल्लीला इंजिन लागले. प्रथम खडबडीत. सरांनी बॉनेटजवळ खुर्ची ओढून घ्यायला सांगितले. डोळे मिटले. "मागे... अजून थोडे... फार झाले, पुढे घ्या." मामांची बोटे डिस्ट्रिब्युटर केसभर हलवीत होती. "बस्स. कसा आता." मग कार्ब्युरेटर. स्क्रूवर त्या मुलीचा हात, कान सरांचे. पाव फेरा, आणखी थोडा. गुरगुर एकसारखी झाली. फाटकाशी उभ्या असलेल्या दोन शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सरांनी त्यांना हातानेच गप्प केले, कारण ते अजून ऐकत होते.

हिशेबाची वही मी त्या संध्याकाळी त्यांच्यापुढे ठेवली. सुट्या भागांचा सारा खर्च त्यांनी पहिल्यापासून स्वतः दिला होता. मजुरीचा रकाना कोरा पाहून ते रागावले. रक्कम लिहायची नसेल तर तास लिहा, म्हणाले. सर्वांना विचारून मी ते लिहिले. दोनशे अकरा तास भरले. त्यांनी बेरीज तपासली, स्वतःच्या नावापुढे काहीच नाही हे पाहिले आणि वही माझ्याकडे परत केली. "माझे बावीस आहेत. मांडून ठेवा."

गाडी गल्लीतून एक फेरी मारून आली. मामा चालवीत होते, सर शेजारी. पहिले काही शे किलोमीटर वेग आवरून चालवायचे आणि मग तेल बदलायचे, असे ठरले आहे. गाडी अंगणात उभी राहताच सर्व जण पेढ्यांकडे वळले. सर उतरायला तयार नव्हते. काच खाली करून त्यांनी त्या मुलीला जवळ बोलावले आणि म्हणाले, "उद्या सकाळी ये. ती रात्रभर पूर्ण थंड होऊ दे. हेडचे नट एकदा तापल्यावर पुन्हा कसावे लागतात."