तारीख कोणी ठरवायची? : अमेरिकेतील प्राथमिक निवडणुका

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या मुख्य निवडणुकीचा दिवस देशभर एकच असतो. पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या प्राथमिक निवडणुकीची, म्हणजेच ‘प्रायमरी’ची, तारीख मात्र बहुतेक ठिकाणी राज्याचा कायदा ठरवतो. आरंभीच्या राज्यांत मागे पडलेले उमेदवार बहुधा माघार घेतात. परिणामी उशिरा मतदान करणाऱ्या राज्यांतील मतदारांपुढे पर्याय थोडेच उरतात. म्हणूनच अग्रक्रमासाठी राज्यांत चढाओढ असते.

न्यू हॅम्पशायरच्या कायद्याची शब्दयोजना येथे लक्षात घ्यावी. मार्चमधील दुसरा मंगळवार, किंवा अन्य राज्यातील तशाच निवडणुकीपूर्वी किमान सात दिवस, यांपैकी जे आधी येईल ते. म्हणजे तारीख स्वतंत्रपणे नव्हे, तर इतरांच्या तारखेच्या संदर्भात निश्चित होते.

राज्याचा कायदा पक्षाला बदलता येत नाही; मात्र पक्षाच्या अधिवेशनातील त्या राज्याचे प्रतिनिधित्व कमी करता येते. २००८ मध्ये फ्लोरिडा व मिशिगन यांनी नियमबाह्य ठरलेल्या तारखांना मतदान घेतले, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाने आरंभी त्यांचे सर्व प्रतिनिधी अमान्य केले. पुढे ते पुन्हा स्वीकारले. २०२४ मध्ये याच पक्षाने पहिला मान ३ फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलिनाला दिला. तरीही न्यू हॅम्पशायरने २३ जानेवारीलाच मतदान घेतले. मतपत्रिकेवर नाव नसलेले बायडन तेथे मतदारांनी स्वहस्ते लिहिलेल्या नावाने विजयी झाले.

स्वाध्याय : मतदानाचा हक्क समान असूनही मताचा प्रभाव असमान का ठरतो, ते वरील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.