सर्व्हर डाऊन नव्हता

सरकारी योजनेचा अर्ज मोबाइलवर भरताना नाव, पत्ता, आधार, बँकेचं खातं असं सगळं निगुतीनं लिहून होतं. शेवटी रेशनकार्डाचा फोटो मागितला जातो. कॅमेरा उघडतो, फोटो निघतो, ‘ओके’ दाबून परत यावं तर समोर कोरा करकरीत फॉर्म. मावळातल्या नवलाख उंबऱ्यात काय किंवा तळेगाव स्टेशनला काय, यावरचं निदान ठरलेलं आहे: ‘सर्व्हर डाऊन आहे.’ मग कामाचा खाडा करून महा ई-सेवा केंद्र गाठायचं.

सरकारी सर्व्हर कोलमडतात, त्यात वाद नाही. पण सर्व्हर खरंच पडला असेल तर पान उघडत नाही. गोल चक्र फिरत राहतं आणि शेवटी चूक दाखवणारा संदेश येतो. इथे तर कोरा फॉर्म आला. तो ज्यानं पाठवला, तो सर्व्हर जिवंतच असणार. घोटाळा झाला तो आपल्या हातातल्या फोनमध्ये.

फोनची रॅम म्हणजे चालू कामासाठीची जागा. ती मोजकी असते आणि मागणारे पुष्कळ. जागा कमी पडू लागली की कोणाला बंद करायचं, हे अँड्रॉइड गुण देऊन ठरवतं. तुमच्या डोळ्यांसमोर असलेल्या ॲपला ० गुण. नुकत्याच सोडलेल्या ॲपला साधारण ७००. मागे निवांत पडून असलेल्यांना ९०० आणि त्यापुढे. ज्याचा आकडा मोठा, त्याचा बळी आधी. कॅमेरा उघडला की कॅमेरा शून्यावर जातो आणि अर्धा फॉर्म भरलेला ब्राउझर एका क्षणात ‘मागचा’ होतो. त्यात कॅमेऱ्याची भूक मोठी. तीन-चार जीबी रॅमच्या फोनमध्ये अशा वेळी ब्राउझरची प्रक्रिया गुपचूप बंद केली जाते. परत आल्यावर ब्राउझर नव्यानं सुरू होतो आणि पान पुन्हा मागवतो. तुम्ही लिहिलेला मजकूर फक्त रॅममध्ये होता, तो गेला. ‘तुमची मेमरी संपली’ असं सांगायची तसदी फोन घेत नाही, म्हणून बदनाम होतो सर्व्हर.

फोटोचंही एक गणित आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. गॅलरीत फोटोच्या नावापुढे ४ एमबी लिहिलेलं असतं, म्हणून आपण त्याला ४ एमबीचाच समजतो. ती दाबून-चेपून साठवलेली फाइल झाली. पडद्यावर दाखवायचा तर फोटो पूर्ण उलगडावा लागतो आणि प्रत्येक बिंदूला ४ बाइट लागतात. साडेबारा मेगापिक्सेलच्या फोटोला ५० एमबी. कौतुकानं ५० मेगापिक्सेलवर काढला, तर २०० एमबी! रेशनकार्डाची दोन्ही पानं आणि आधारकार्डाच्या दोन बाजू अशाच काढून एका पानावर त्यांची झलक दाखवायची म्हटलं, तर हिशेब ८०० एमबीवर जातो. एवढं करून संकेतस्थळाला शेवटी काही केबीचीच फाइल हवी असते.

बरं, फोटोपासून आता सुटका नाही. १५ ऑगस्ट २०२१ला राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे मावळातल्या भातशेतकऱ्यालाही बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. ज्या ज्या ठिकाणी फोटोसाठी एक ॲप सोडून दुसरं उघडतं, तिथे नियम हाच.

ई-सेवा केंद्रातला विंडोजवरचा संगणक निराळ्या पद्धतीनं आपटतो. तिथे पान कोरं होत नाही, टॅबच मरतो. क्रोममध्ये ‘ऑ, स्नॅप!’ आणि खाली बारीक अक्षरात ‘आउट ऑफ मेमरी’. विंडोज आणि अँड्रॉइड यांच्या स्वभावातला फरक लग्नाच्या पंगतीसारखा आहे. अँड्रॉइडच्या पोटातलं लिनक्स अख्ख्या गावाला पत्रिका वाटतं, कारण सगळे येत नाहीत हे त्याला ठाऊक असतं. आलेच, तर कुणाला तरी ताटावरून उठवतं. विंडोज पत्रिका मोजून छापतं. रॅम आणि डिस्कवरची ‘पेजफाइल’ मिळून जेवढी जागा, तेवढीच वचनं देतं. म्हणून ताटं रिकामी दिसत असूनही नव्या पाहुण्याला नकार मिळू शकतो. ब्राउझर जागा मागून ठेवतो, सगळी वापरत नाही. पण वचनांची बेरीज मर्यादेला टेकली की रॅम शिल्लक असतानाही टॅब कोसळतो.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या तंत्रज्ञांना नेमकं हेच आढळलं. विंडोज पेजफाइल वाढवू शकतं, पण त्याला थोडा वेळ लागतो, आणि ब्राउझर पहिल्याच नकाराला मान टाकत होता. त्यांनी केलेला उपाय जवळजवळ हास्यास्पद वाटेल इतका साधा आहे: नकार आला तर क्षणभर थांबायचं आणि पुन्हा मागायचं. सप्टेंबर २०२२च्या १०५व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स असं थांबतो, आणि मेमरीअभावी होणारे क्रॅश त्यानं लक्षणीय घटले.

पेजफाइल वाढायला डिस्कवर जागा मात्र हवी. जुन्या संगणकाची सी ड्राइव्ह स्कॅन केलेल्या दाखल्यांनी आणि डाउनलोड केलेल्या सातबाऱ्यांनी काठोकाठ भरलेली असते, तिथे ब्राउझर सारखा आपटतो. दुखणं डिस्कचं आणि मरतो टॅब. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये मेमरीखाली ‘कमिटेड’पुढे दिलेली वचनं आणि त्यांची मर्यादा असे दोन आकडे दिसतात. पहिला दुसऱ्याच्या जवळ पोहोचला असेल तर कारण सापडलं. सी ड्राइव्ह मोकळी करावी आणि पेजफाइलचा आकार विंडोजलाच ठरवू द्यावा. ‘एसएसडी टिकावी म्हणून पेजफाइल बंद करा’ हा सल्ला देणारे जाणकार गल्लोगल्ली भेटतात; त्यांना चहा पाजावा आणि सल्ला विसरावा. विंडोज ३२ बिटचं असेल तर एका प्रक्रियेला सहसा २ जीबीच पत्ते मिळतात. तिथे रॅम वाढवूनही फारसं भागत नाही.

ब्राउझर पूर्वीपेक्षा खादाड झाले, ही तक्रार खरीच आहे. त्यामागे आळस आहे तसं कारणही आहे. २००८ साली क्रोम आला तो कामाची वाटणी वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये करणारा. एक टॅब मेला तरी बाकीचे जगावेत म्हणून. २०१८मध्ये प्रोसेसरमधली ‘स्पेक्टर’ ही त्रुटी उघड झाल्यावर क्रोमनं प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत कोंडलं आणि मेमरीचा खर्च १० ते १३ टक्क्यांनी वाढला. बँकेच्या पानावर शेजारच्या टॅबची नजर पडू नये, याची ती किंमत आहे.

मोबाइलवाल्यांनी काय करावं? फोटो आधी काढून ठेवावेत, साध्या रिझोल्यूशनवर. स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर पाठवून उतरवून घेतले की आपोआप लहान होतात. मग ब्राउझर उघडून फोटो गॅलरीतून निवडावा. फॉर्म भरताना कॅमेऱ्याकडे जाऊच नये. ‘बूस्टर’ नावाची ॲप काढून टाकावीत. ती मेमरी राखायला येतात आणि स्वतःच तिथे मुक्काम ठोकतात. फोनच्या खोक्यावर रॅमपुढे लिहिलेल्या ‘८+८ जीबी’तले दुसरे आठ हे स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. त्यांचा वेग रॅमचा नसतो.

पण खरं काम फॉर्म बनवणाऱ्यांचं आहे. प्रत्येक रकाना भरताच तो मजकूर ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात लिहून ठेवणं हे काही ओळींचं काम आहे. फोटो पाठवण्याआधी फोनमध्येच लहान करणंही तसंच. ही चूक त्यांना दिसत नाही, कारण त्यांच्या टेबलावर बारा जीबीचे फोन असतात. अँड्रॉइडच्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मध्ये मागच्या प्रक्रियांची संख्या शून्यावर आणायची सोय आहे. हिंजवडीतल्या महागड्या फोनवर ती लावावी, अर्ज अर्धा भरावा आणि रेशनकार्डाचा फोटो काढायला जावं.