लोखंड कापणारी करवत : दाते किती, वेग किती?

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एक साधी लोखंडी मांडणी करायची होती. कल्याणमधील आमचे एक शिक्षक मित्र त्यासाठी एक इंची चौकोनी पाइप घेऊन आले. हॅक्सॉने कापायला सुरुवात केली, आणि पहिल्या दोन तुकड्यांतच तीन पाती मोडली. 'पाती हलकी निघाली' असे म्हणत त्यांनी शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चार इंची ग्राइंडर मागून आणला. त्याचे गार्ड काढलेले होते आणि त्यावर भलतीच मोठी चकती बसवलेली होती. सुदैवाने आम्ही त्या वेळी तिथे होतो. पाती का मोडली आणि तो ग्राइंडर चालू का करू नये, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आठवी-नववीच्या गणितात आणि भौतिकशास्त्रात सापडतात. म्हणूनच हा विषय शिक्षकांसमोर मांडावासा वाटला.

ठाण्याचे वागळे इस्टेट, डोंबिवली आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहती यांच्यामुळे या पट्ट्यात धातुकामाची हत्यारे व माल सहज मिळतो. घरच्या घरी कुंड्यांचा स्टँड, सायकलचे कॅरिअर किंवा शाळेसाठी प्रयोगाची चौकट करणारे हौशी लोकही पुष्कळ आहेत. त्यांना पहिला प्रश्न पडतो तो हा : कापायचे कशाने?

आधी हाताची करवत घेऊ. हॅक्सॉचे पाते बहुधा ३०० मिलिमीटर लांबीचे असते. ही लांबी पात्याच्या टोकापासून टोकापर्यंत नव्हे, तर दोन भोकांच्या मध्यांमधील अंतराने मोजतात. पात्यावर १८, २४, ३२ असा एक आकडा छापलेला असतो. एका इंचात किती दाते आहेत, ते हा आकडा सांगतो. २५.४ ला या आकड्याने भागले की दोन दात्यांमधील अंतर मिळते. १८ दात्यांच्या पात्यात ते सुमारे १.४ मिलिमीटर, २४ मध्ये १.०६ आणि ३२ मध्ये ०.८ मिलिमीटर भरते.

कारागिरांचा जुना नियम असा आहे की कापताना निदान तीन दाते एकाच वेळी धातूवर टेकलेले असावेत. यामागील कारण सोपे आहे. दोन दात्यांमधील अंतरापेक्षा पत्रा पातळ असेल, तर तो दोन दात्यांच्या मधल्या खाचेत शिरतो. पाते पुढे ढकलले की हाताचा सगळा जोर मागच्या एकाच दात्यावर येतो. तो दाता तुटतो, मग त्याच्या मागचा तुटतो, आणि एकदा रांग सुरू झाली की पाते निकामी होते. उलट, जाड भरीव सळईवर फार बारीक दात्यांचे पाते चालवले, तर खाचांमध्ये लोखंडाचा कीस दाटतो आणि पाते नुसते घासत राहते. त्यामुळे भरीव सळईसाठी १८, जाड अँगल व पाइपसाठी २४ आणि पत्रा किंवा पातळ नळीसाठी ३२ दात्यांचे पाते, अशी साधारण निवड करतात.

आता आमच्या मित्राचा पाइप पाहू. तो १८ गेजचा होता, म्हणजे भिंतीची जाडी सुमारे १.२ मिलिमीटर. त्यांचे पाते २४ दात्यांचे होते. १.२ ला १.०६ ने भागा : जेमतेम एक दाता! ३२ चे पाते घेतले तरी दीडच दाता टेकणार. मग असा पाइप कापायचाच कसा?

इथे थोडी भूमिती उपयोगी पडते. चौकोनी पाइपची वरची बाजू कापताना पाते तिच्या संपूर्ण रुंदीवर, म्हणजे २५ मिलिमीटरवर टेकलेले असते. तेव्हा पुष्कळ दाते कामात असतात आणि पाते सुरळीत चालते. वरची बाजू आरपार कापली गेली की पाते फक्त दोन उभ्या भिंतींवर टेकते, आणि दाते मोडायला नेमकी तिथे सुरुवात होते. म्हणून एक बाजू कापली की थांबावे, पाइप व्हाइसमध्ये फिरवून पुढची बाजू वर आणावी. अशा रीतीने चारही बाजू वरूनच कापाव्यात. त्यासाठी खूण चारही बाजूंवर गुण्याने ओढलेली हवी. गोल नळीही अशीच थोडी थोडी पुढे फिरवत कापतात.

सपाट पत्र्यासाठी दुसरी युक्ती आहे. पाते पत्र्याशी काटकोनात न धरता तिरपे धरावे. पाते आणि पत्रा यांच्यात ३० अंशांचा कोन केला, तर पात्याला पार करावे लागणारे अंतर होते जाडी भागिले साइन ३०, म्हणजे जाडीच्या दुप्पट. १.२ चे २.४ मिलिमीटर झाले, आणि ३२ च्या पात्याचे तीन दाते टेकले. त्रिकोणमितीचा तास घेताना हे उदाहरण जरूर द्यावे. पत्रा दोन प्लायवुडच्या तुकड्यांमध्ये दाबून तिन्ही एकदम कापणे हाही चांगला उपाय आहे.

पाते बसवताना दात्यांची टोके मुठीच्या विरुद्ध दिशेला असावीत, कारण ही करवत पुढे ढकलताना कापते. मागे आणताना जोर काढून घ्यावा. विंगनट पिळून पाते चांगले ताणलेले असावे. सैल पाते वाकते, अडकते आणि मोडते. मिनिटाला ४० ते ५० हेलकावे पुरेत, पण प्रत्येक हेलकावा पात्याच्या बहुतेक लांबीचा असावा. दाते डावी-उजवीकडे किंचित वळवलेले असतात, त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पाते अडकत नाही. वापराने दाते झिजतात तशी चीर अरुंद होत जाते. म्हणून अर्धवट कापावर पाते मोडले, तर नवे पाते त्याच चिरेत घालू नये. तुकडा फिरवून दुसऱ्या बाजूने कापावे.

आता वेगाचा विचार करू. मिनिटाला ४५ हेलकावे, प्रत्येकात २० सेंटिमीटर पुढे आणि तेवढेच मागे, म्हणजे पात्याचा सरासरी वेग मिनिटाला १८ मीटर झाला. बँडसॉ यंत्राचे पट्टीसारखे पाते साध्या पोलादावर मिनिटाला काही दशक मीटर वेगाने फिरते. दुकानांतून दिसणाऱ्या चौदा इंची चॉप सॉची चकती ३५५ मिलिमीटर व्यासाची असते आणि ती मिनिटाला सुमारे ३८०० फेरे घेते. पाय गुणिले व्यास गुणिले फेरे : मिनिटाला सुमारे ४२०० मीटर, म्हणजे सेकंदाला ७० मीटर. ताशी अडीचशे किलोमीटर!

एवढा फरक का? कारण चॉप सॉच्या चकतीला दाते नसतात. कठीण अपघर्षक कण राळेत बांधून ती बनवलेली असते. असंख्य कण धातू खरवडून काढतात, आणि निघणारा कीस तापून हवेत जळतो. त्याच ठिणग्या. दात्यांच्या पोलादी पात्याला असा वेग सोसणार नाही. साध्या कार्बन पोलादाचा कठीणपणा दोन-अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे उतरू लागतो. टेलर आणि व्हाइट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केलेले व १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात दाखवलेले हायस्पीड स्टील सुमारे ६०० अंशांपर्यंत टिकते. दातेही याच पोलादाचे आणि पाठ लवचीक पोलादाची, अशी बायमेटल पाती घेतली तर थोडे पैसे जास्त पडतात, पण ती सहसा मोडत नाहीत.

आता त्या ग्राइंडरकडे वळू. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. १०० मिलिमीटरच्या चकतीच्या कडेचा वेग त्यात सेकंदाला ५८ मीटर होतो. अशा चकत्यांवर ८० मीटर ही कमाल मर्यादा छापलेली असते, म्हणजे आपण सुरक्षित आहोत. पण गार्ड काढून त्याच यंत्रावर १८० मिलिमीटरची चकती चढवली, तर कडेचा वेग होतो सेकंदाला १०४ मीटर. चकतीतील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०४ भागिले ८०, त्याचा वर्ग १.६९. मर्यादेच्या दीडपटीहून अधिक ताण, आणि चकती फुटली तर तुकडे अडवणारे गार्डही जागेवर नाही! तुकडा कोणत्या दिशेला जाईल हे कोणी सांगू शकत नाही. गार्ड 'अडचण होते' म्हणून काढणाऱ्यांना हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. लाकूड कापायची दातेरी चकती ग्राइंडरला लावणेही तितकेच घातक आहे. ती धातूत अडकली की यंत्र हातातून उसळते.

मग निवड कशी करावी? वर्षातून दहा-वीस काप करायचे असतील, तर चांगली फ्रेम, २४ व ३२ ची बायमेटल पाती आणि घट्ट बसवलेला व्हाइस एवढे पुरे. सहा मीटरचा पाइप डोंबिवलीच्या लिफ्टमध्ये मावत नाहीच. तो दुकानातच मोठ्या तुकड्यांत कापून घ्यावा व अखेरचे माप घरी हाताने कापावे. काम नियमित असेल, तरच यंत्राचा विचार करावा. दोन हजार वॅटचा चॉप सॉ २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणून त्याला मोठा सॉकेट हवा. ठिणग्या काही मीटर उडतात आणि आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. सदनिकेच्या गॅलरीत ते यंत्र शोभणारे नाही. ॲल्युमिनियम तर या चकतीवर कापूच नये. मऊ धातू चकतीत भरून बसतो. चष्मा, कानाला बोळे आणि अंगाबरोबर बसणारे कपडे आवश्यकच आहेत. ओढणी किंवा सैल बाही चालणार नाही. विद्यार्थ्यांच्या हाती मात्र हाताचीच करवत द्यावी.

शेवटी एक प्रयोग. हॅक्सॉचा कीस आणि चॉप सॉखाली साठलेली काळी धूळ, दोन्ही कागदात गुंडाळलेल्या चुंबकाने गोळा करा व शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पहिल्यात वळलेल्या चकत्या दिसतील. दुसऱ्यात बारीक गोल मणी सापडतील. वितळलेल्या थेंबाला पृष्ठताणामुळे गोल आकार येतो, म्हणजे ते कण हवेत असताना वितळले होते. गारगोटी आणि पोलाद यांच्या ठिणग्यांमधील असेच गोळे रॉबर्ट हूक याने पाहिले आणि १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया'त त्यांचे वर्णन केले.

आमच्या मित्राने ग्राइंडर परत केला. ३२ चे पाते आणून, पाइप फिरवत फिरवत, त्याने उरलेले सगळे तुकडे एकाच पात्याने कापले. पाती हलकी नव्हती. हिशेब चुकला होता.